आखाजीआधीचा आंबा

कावेरीला राग चटकन यायचा, पण जायचं नाव घ्यायचा नाही. सिल्वासाजवळ मसाटच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या शेडमध्ये तिची खानावळ होती. चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा भागांतून कंपन्यांत कामाला आलेली पोरं तिथं जेवायची. शेवभाजीला तर्री, भरताला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कळण्याची भाकरी मिळाली की सिल्वासात राहून गावाकडं असल्यासारखं वाटतं, असं ती पोरं म्हणायची. त्यातल्या कुणी ताटात अर्धी भाकरी टाकून दिली, तर पुढं कितीतरी दिवस कावेरी त्याला अर्धीच भाकरी वाढायची. त्यानं मागितली तरी तिला ऐकू जायचं नाही. नवरा वाल्मिक धाग्याच्या कंपनीत होता. तो स्वभावानं इतका गरीब होता की घरातला सगळा राग एकट्या कावेरीलाच करावा लागायचा.

असल्या बाईशी तिच्या मोठ्या जावेनं वैर घेतलं होतं. सरुबाई राहायची राखोलीला, नदीच्या बाजूच्या नव्या इमारतीत. तिचा नवरा भास्कर कंपनीत सुपरवायझर. भाऊबंदांत तिचा शब्द चालायचा, कारण ती गोड बोलायची आणि सणावाराला सगळ्यांना फोन करायची.

कावेरीच्या सोनमचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा नाशिकचा, दिसायला बरा, नोकरी पक्की. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मुलाच्या आईनं चौकशीसाठी सरुबाईला फोन केला, आणि सरुबाई म्हणाली, "पोरगी लाखात एक आहे हो. पण त्या घरात रीतभात नाही. दिवसभर कंपनीतल्या माणसांच्या पंगती उठतात. तुमचं घर पडलं देवाधर्माचं, म्हणून सांगितलं." स्थळ मोडलं, आणि का मोडलं ते सगळ्या भाऊबंदांत झालं. सहा महिन्यांत त्याच मुलाशी सरुबाईच्या भावाच्या मुलीचं लग्न लागलं.

कावेरी त्या लग्नाला गेली. जेवली, फोटोत उभी राहिली, नवरीच्या हातात पाकीटही दिलं. घरी येऊन तिनं लुगड्याची घडी घातली आणि वाल्मिकला सांगितलं, "ज्या भाऊबंदांसमोर तिनं माझी अब्रू काढली, त्यांच्यासमोरच तिचं नाक कापीन. तेव्हाच मला बरं वाटेल." वाल्मिकनं कूस बदलली. सोनम आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं की नाही, ते कळलं नाही. त्या दिवसापासून ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला जायची आणि लग्नाचा विषय निघाला की ताट घेऊन आत जायची.

रीतभात नाही, हा शब्द कावेरीला जास्त लागायचं आणखी एक कारण होतं. सासू भिमाबाई अंगावरून वारं गेल्यावर दोन वर्षं कावेरीकडेच पडून होती. खानावळीच्या मागच्या खोलीत तिची खाट असायची. कावेरी एका हातानं पोळ्या लाटायची आणि दुसऱ्या हातानं तिला कुशीवर वळवायची. म्हातारी बोलायची कमी. पण कावेरीनं भरवलं नाही तर घास घ्यायची नाही. सरुबाई सणाला यायची, सफरचंदं ठेवायची, सासूच्या उशाशी बसून फोटो काढायची आणि जायची. गेल्या श्रावणात म्हातारी गेली. कावेरी तेव्हा जेवढी रडली तेवढी स्वतःच्या आईसाठीही रडली नव्हती.

यंदा चैत्रात स्थानिक केबल वाहिनीनं उन्हाळी पाककलेची स्पर्धा काढली. सिल्वासाच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर मंडप, चुली, गॅस, कॅमेरे. हॉटेलांतले आचारी होते, केटरिंगवाले होते आणि घरगुती बायकाही होत्या. सरुबाईनं नाव दिलंय, असं कळलं त्याच दुपारी कावेरीनं नाव दिलं. खानावळीतल्या पोरांना पिठलं-भाकरीवर ठेवलं आणि रोज सकाळी खापर तापवून मांड्यांचा हात पुन्हा बसवायला घेतला. दोघींनाही मांडे भिमाबाईनंच शिकवले होते. हाताच्या मुठींवर मांडा झुलवत झुलवत पातळ करायचा आणि उलट्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचा.

पहिल्या फेरीत कावेरीनं वरणबट्टी केली, दुसऱ्या फेरीत भरीत. एका मोठ्या हॉटेलचा आचारी तिच्या भरताला नाक मुरडत होता, तो घरी गेला. तिकडं सरुबाईही पुढं सरकत होती. पदर नीट खोचून, मंद हसून, प्रत्येक पदार्थाला सासूबाईंची आठवण जोडून. "आमच्या सासूबाई म्हणायच्या" असं तिनं म्हटलं की निवेदिका सायली मान वाकडी करून "किती गोड!" म्हणायची. कावेरी बाजूच्या ओट्यावर उभी राहून कढईत उलथनं आपटायची. भिमाबाई काय म्हणायची ते या बाईला कुठून ठाऊक असणार? म्हातारी शेवटी शेवटी फक्त "पानी" म्हणायची, आणि ते ऐकायला सरुबाई कधी नव्हती.

शेवटच्या फेरीत दोघी जावाच उरल्या. वाहिनीला तर लॉटरीच लागली. जावा-जावांची लढत म्हणून दिवसभर जाहिरात चालली. ही फेरी थेट दाखवणार होते, केबलवर आणि मोबाइलवरही. गावाकडचे सगळे भाऊबंद बघणार होते. पदार्थ कुठलाही करा, पण त्यात पिकलेला आंबा हवा, असा नियम. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलेली.

इथंच कावेरीला डाव सुचला. खानदेशातलं लहान पोरही हे जाणतं की आखाजीला पितरांची घागर भरायची, अग्नीत त्यांच्या नावानं घास टाकायचा, म्हणजे आगारी द्यायची, आणि मगच नव्या सालच्या आंब्याला तोंड लावायचं. त्यात ज्या घरात वर्षभरात मरण झालंय, तिथं तर हा नेम फारच कडक. भिमाबाईची ही पहिली घागर होती. म्हणजे दोघीही आमरस करणार आणि दोघीही तो चाखणार नाहीत. साखर बोटांनी अंदाजानं घालणार.

मधल्या वेळात कावेरी चहाचा कप घेऊन सायलीकडे गेली. "ताई, एक सांगू का? शेवटी आम्ही आपापला पदार्थ कॅमेऱ्यासमोर चाखून दाखवायला पाहिजे. लोकांना बघायला आवडतं. नाहीतर कुणी म्हणेल, स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला देते."

सायली मुंबईची. तिला आखाजी हा शब्दही माहीत नव्हता. ती आनंदानं परीक्षक शेफ जयवंत यांच्याकडे पळाली. ते मूळचे रत्नागिरीचे, आंब्यात वाढलेले. आंबा चाखायला कुणाची ना असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. नियम पक्का झाला.

कावेरीचा हिशोब सरळ होता. सरुबाई चाखेल, तर सगळ्या भाऊबंदांसमोर तिची रीतभात उघडी पडेल. नाही चाखणार, तर हरेल. आणि स्वतःचं काय? स्वतःला तिनं सोडूनच दिलं होतं. माझ्या घरात रीतभात नाही असं तीच म्हणाली ना, मग माझं काय जायचं राहिलंय? म्हातारीचं म्हणाल, तर म्हातारी मला ओळखते.

वेळ संपली. कावेरीचे मांडे रुमालासारखे घडी घालून ठेवलेले, बाजूला वाटीत रस. सरुबाईनं सांजोऱ्या केल्या होत्या आणि मोठ्या बाऊलमध्ये रस. सायलीनं माइक घेतला. "आता दोघीही आपापला पदार्थ चाखणार! कावेरीताई, तुम्ही पहिल्या!"

कावेरीनं मांड्याचा तुकडा रसात बुडवला आणि तोंडात घातला. वर्षातला पहिला आंबा. ती कॅमेऱ्याकडे बघत सावकाश चावत राहिली, मिटक्या मारत. मग तिनं जावेकडे पाहिलं. चाख आता.

सरुबाईनं चमचा उचलला, थांबली आणि खाली ठेवला. दोन्ही हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते आणि ते खरे भरले होते की कसे, हे देवच जाणे.

"मला माफ करा," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंची ही पहिली घागर आहे. त्यांना दिल्याशिवाय आम्ही आंब्याला जीभ लावत नाही. नंबर गेला तर जाऊ दे."

मंडपात टाळ्या पडल्या. शेफ जयवंत यांनी चष्मा काढून पुसला. सायली हळूच कावेरीकडे वळली, तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. "पण कावेरीताई, तुम्ही तर यांच्या धाकट्या जाऊ ना? म्हणजे सासूबाई तुमच्याही..."

कावेरीच्या ओठाला रस लागलेला होता. कॅमेरा तेवढाच दाखवत राहिला. तिला ओरडून सांगायचं होतं, विचारा तिला, म्हातारीचे कपडे कोणी बदलले, विचारा तिला, शेवटचं पाणी कोणी पाजलं. पण तोंडात आंबा असलेल्या माणसाला हे बोलता येत नाही. सरुबाई पहिली आली. करंडक घेताना तिनं वर बघून हात जोडले. गावाकडून कावेरीला कुणाचा फोन आला नाही. वाल्मिकला मात्र चुलत्यांचा आला आणि तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

सोनमनं एवढंच विचारलं, "आई, चाखायचं ते तूच सुचवलंस ना?" कावेरी खापर घासत बसली. तिच्या पोटात आता नुसता विस्तव होता. आधी एका गोष्टीचा सूड घ्यायचा होता, आता दोन झाल्या.

आखाजीच्या सकाळी घागर भरायला सगळे राखोलीला जमले, कारण थोरल्या मुलाचं घर तेच. बरेच भाऊबंद गावाहून आले होते. करंडक शोकेसमध्ये, भिमाबाईच्या फोटोशेजारी. सरुबाईनं हौसेनं गावाकडच्या घरातलं पितळेचं मोठं पातेलं काढलं होतं. ते चिंचेनं घासून लख्ख केलेलं, आणि पहाटेपासून त्यात आमरस भरून ठेवलेला. सगळ्या बायका पातेल्याचं कौतुक करत होत्या.

कावेरी आत आली तशा बायका जरा सरकून बसल्या. सरुबाईनं वाटीत थोडा रस काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली. "ये कावेरी. आम्हले ते आगारी पडाशिवाय चाखता येत नही. तुन्ही जीभ ते आधीच बाटेल शे. चाखीसन सांग, साखर बरोबर शे का?"

बायका हसल्या. सोनम दारात उभी होती, तिनं मान खाली घातली.

कावेरीनं वाटी घेतली. रस जिभेवर पडताच तिला कळलं. कळकलेला होता. पातेल्याला आतून कल्हई नव्हती. आंब्याचा आंबटपणा तासन् तास उघड्या पितळेत राहिला होता आणि सगळा रस कडवट, कसनुसा होऊन गेला होता. जीभ आखडली. पातेल्याच्या काठाशी हिरवट कड आलेली तिला आता दिसली. घशातून उलटी वर आली, ती तिनं गिळली. अंगात एकदम गार वाटलं. इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. तिनं वाटी ठेवली आणि प्रेमानं हसली.

"अमृत झायं, जाऊबाई. वाढा सगळासले."

घागरीवर आंबा ठेवला गेला, फोटोला हार पडला. मग पंगत बसली. पहिला घोट एका चुलत्यानं घेतला आणि तसाच हातावर थुंकला. दुसऱ्यानं वाटी नाकाशी नेली. पोरं "शी, शी" करत मोरीकडे पळाली. कुणीतरी म्हणालं, "पातेल्याले कल्हईच नही! इतली मोठी शेफ ना तू?" सरुबाई पातेल्याशी उभी राहिली. तिच्या तोंडावरचं गोड हसू कुठं ठेवावं हे तिला कळेना. एका म्हातारीनं तिच्या देखतच पदराला जीभ पुसली. कावेरी भिंतीला टेकून हे सगळं डोळे भरून बघत होती. एवढंच तर तिला पाहिजे होतं. कडवट झालेली जीभ तिला गोड लागत होती.

भास्कर तेवढा थुंकला नव्हता. तो देवखोलीतून बाहेर आला होता, हाताला राख लागलेली. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग कावेरीकडे. तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"कावेरी, तू चाखं व्हतं ना?" त्यानं विचारलं. "मंग मायनी आगारीम्हा काबर टाकू दिधं?"

देवखोलीत गोवरीच्या निखाऱ्यावर भिमाबाईच्या नावाचा, त्याच रसाचा घास अजून जळत होता. वर्षातला तिचा पहिला आंबा. खोलीतले सगळे कावेरीच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला घासासाठी उघडलेला म्हातारीचा तो जबडा आठवला, जो दुसऱ्या कुणाच्या हातचं घ्यायचा नाही. तिनं सोनमकडे पाहिलं. सोनम दारात नव्हती. ती चप्पल घालून एकटीच मसाटला निघून गेली होती.