ह्यांचं बोलणं

हार्ट अ‍ॅटॅकनंतर हे जवळजवळ बोलेनासे झाले होते. मूळचे मितभाषीच. अलिबागला कचेरीतली नोकरी, आणि घरी आलं की नागावची आमची नारळ-पोफळीची वाडी. पण आजारपणानंतर पाणी मागण्यापलीकडे शब्द जाईना. ठोके मध्येच वेडेवाकडे पडायचे, म्हणून डॉक्टरांनी एक गोळी कायमची लावून दिली होती. ती रोज मीच हातावर ठेवायची.

दिवाळीनंतर एकदा जेवताना ह्यांनी तिसरी भाकरी मागितली. मला इतका आनंद झाला की तव्यावरची तशीच ताटात टाकली. मग पहाटे उठून वाडीत फिरू लागले, पडलेल्या झावळ्या ओढून एका जागी करू लागले. आणि बोलू लागले. आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. रविवारी पाहुणे गेले की मी चादरी काढत असायची आणि हे दारात उभे राहून सांगत असायचे. लग्न ठरण्याआधी वर्षभर हे मला अलिबागच्या एस.टी.त बघत होते, मागच्या बाकावरून. मी आजवर समजत होते की आमचं लग्न माझ्या मामानं जमवलं.

एका संध्याकाळी म्हणाले, "आपलं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी रडलो नाही, असं तुला वाटतं ना? विहिरीवरचा पंप चालू केला आणि रडलो. आवाज घरात येऊ नये म्हणून."

हातातली चादर घडी घालायची राहून गेली.

शर्ट ढगळ होत होते, चहा बशीत सांडत होता, थंडीतही पाठ घामानं भिजायची. हे सगळं मला दिसत होतं. पण माणूस बरा होतोय असंच मी धरून चालले.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना हात पुढे धरायला सांगितलं. बोटं थरथरत होती. रक्त तपासलं तर थायरॉइड फार वाढलेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हृदयाच्या त्या गोळीत आयोडीन असतं, आणि त्यानं थायरॉइड दोन तऱ्हांनी बिघडतं. एकात ग्रंथी जोरानं काम करू लागते, तिच्यात रक्ताचा लोंढा वाढतो. दुसऱ्यात ती आतून मोडते आणि साठवलेलं सगळं रक्तात सांडतं, तेव्हा रक्त फारसं फिरत नाही. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून रक्त किती फिरतंय ते बघायला गळ्याची डॉपलर सोनोग्राफी करायची.

ती करणारी डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची होती. तिनं गळ्याला गार जेल लावलं. पडद्यावर दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या लाल-निळ्या उसळत होत्या. हे तिला आमच्या वाडीतल्या पोफळींबद्दल सांगत होते, आणि पडदाभर रंग पसरत होता. मला वाटलं, हाच तो रक्ताचा लोंढा.

"काका, बोलू नका," ती म्हणाली. "बोललात की हादऱ्यानं सगळीकडे रंग येतो. तो रक्ताचा नाही."

हे गप्प झाले. मधली ग्रंथी करडी दिसू लागली. तिनं मशीन बरंच फिरवून पाहिलं. एखादा ठिपका, बाकी काही नाही. ग्रंथी आतून मोडत होती.

मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, "मग हे दोन महिने बोलत होते, ते?"

ते म्हणाले की या आजारात माणसाची बडबड वाढते, झोप जाते, भूक वाढते. औषधानं सगळं उतरेल. त्यांनी ते मला धीर द्यायला सांगितलं.

आणि तसं उतरलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी थरथर गेली. पुढे मोडलेली ग्रंथी थंडच पडली, आता थायरॉइड कमी म्हणून दुसरी गोळी. ठोक्यांची जुनी गोळी बंद करता येत नाही, कारण तिच्याशिवाय ठोके ताळ्यावर राहत नाहीत. आणि त्या दोन महिन्यांत थायरॉइडनं पळवलेलं हृदय आणखी खचलं ते खचलंच. एकदा मी धीर करून पंपाची गोष्ट काढली. "असं म्हणालो मी?" ह्यांनी एवढंच विचारलं आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर मी विचारलं नाही. डॉक्टर आता नवीन तपासण्या सांगत नाहीत. मीठ कमी आणि पाणी मोजून, एवढंच. खोल्यांचं बुकिंग बंद केलंय. सकाळी मी ह्यांच्या पावलावर अंगठा दाबून सूज बघते. खळगा पडतो तो लवकर भरत नाही. हे डोळे मिटून पडलेले असतात, आणि मी पांघरूण खाली ओढून चहा ठेवायला जाते.