उजवी मूठ, डावी खाच

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. डब्याच्या तळाशी उरलेल्या पंचखाद्यासारखे ते साचत जातात आणि एखाद्या दिवशी डबा हलवला की वाजतात. माझ्या डब्यातले बरेचसे किस्से रायफल क्लबातले आहेत म्हटल्यावर भिशीतल्या बायका हसतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणारी बाई आणि बंदुका! पण मुलगी जिथे जाते तिथे आईला जावं लागतं. मी जरा उशिरा गेले, एवढंच.

आधी दोन शब्द सांगून ठेवते. ॲक्शन म्हणजे रायफलीचा मधला पोलादी भाग. बोल्ट त्यातच मागेपुढे सरकतो, नळी त्यालाच जोडतात. आणि चासी म्हणजे त्याच्या खालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, जो खांद्याला टेकतो. आमच्या क्लबातली हौशी मंडळी हे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवतात आणि एकमेकांत बसवून घेतात. तयार झालेली रायफल घरी येत नाही, ती क्लबच्या शस्त्रागारातच राहते. घरी येतात ते फक्त किस्से.

* * *

ह्यांच्या हार्बरफ्रंट भागातल्या ऑफिसातले देवधर भाऊजी आमच्या आधीपासून क्लबात. त्यांनी स्वतःसाठी ॲक्शन निवडायला घेतली आणि सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. कुठली घट्ट, कुठली हलकी, कुणाचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. रोज जेवताना एक पसंत, सकाळी चहाला ती नापसंत.

देवधर वहिनी पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "मला बघायला आले होते तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणाले. तेव्हाच जरा वेळ घ्यायला हवा होता."

कुणी घ्यायला हवा होता, ते त्यांनी सांगितलं नाही.

* * *

भाऊजींची ॲक्शन आली. ती बसवायचं काम क्लबचे कारागीर कोह अंकल यांचं. सत्तरीचा माणूस, आंग मो किओ वस्तीत आमच्याच ब्लॉकसमोर राहतो, बोलणं मोजकं. पण भाऊजींना धीर कुठला! त्यांनी स्वतःच ॲक्शन चासीत ठेवली आणि दोन्ही स्क्रू जोर लावून पिळले. हलवून पाहिलं, जराही हलेना. खूश झाले.

अंकलनी त्यावर केसभर हललं तरी दाखवणारं सुईचं एक घड्याळ लावलं आणि पुढचा स्क्रू सैल केला. सुई टुणकन उडाली. म्हणजे पोलाद आत वाकून बसलं होतं. स्क्रूच्या धाकाने गप्प होतं, इतकंच.

"टाइट इज नॉट फिट, लह," अंकल त्यांच्या इथल्या इंग्रजीत म्हणाले.

हे घरी येऊन ह्यांनी मला हसत हसत सांगितलं. मीही हसले.

* * *

आता आमची गार्गी. चौदाव्या वर्षी शाळेतून नेमबाजीला लागली. मी सहा वर्षांत एकदाही रेंजवर गेले नव्हते. तिचा सराव शनिवारी, आणि शनिवारी माझा मारुतीचा उपास नि देऊळ. तिथे तिच्यासाठीच मागायचे, म्हणजे मी माझ्या जागी तिच्याचबरोबर आहे असं मला वाटायचं.

एका वर्षी खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायची हौस आली. शस्त्र तर शस्त्रागारात. मी ह्यांना म्हटलं, काहीतरी आणा. ह्यांनी अंकलकडून स्क्रू पिळायचा पाना मागून आणला. मी पाटावर वस्त्र घातलं, पाना ठेवला, हळदकुंकू, फूल, गुळखोबऱ्याचा नैवेद्य.

सोमवारी पाना परत गेला. अंकलनी त्याच्यावरचं लाल बोटाला लावून पाहिलं आणि ह्यांना घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "हू ब्लीड?"

* * *

गार्गीचं ज्युनियर गटातलं ते शेवटचं वर्ष. निवड चाचणी एकदाच होणार होती. तोवर ती क्लबच्या जुन्या रायफलीवर खेळायची आणि ती तिला सोयीची नाही, एवढं मी ऐकून होते. म्हणून तिच्यासाठी अंकलमार्फत खास ॲक्शन मागवायचं ठरलं. चासी तिने स्वतः निवडून आधीच मागवली होती. ॲक्शनचा फॉर्म भरायच्या आठवड्यात तिची परीक्षा आणि हे रॉटरडॅमला. ह्यांनी फोनवरून मॉडेल, रंग, नळीची लांबी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाकीचं तुला माहीतच आहे."

बाकीचं म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख. आणि एक रकाना: हात.

गुरुवारी पुष्य नक्षत्र होतं. मी अंघोळ करून, देवापुढे निरांजन लावून फॉर्म भरला. हात: उजवा.

मी विचारसुद्धा केला नाही. गार्गी लहानपणी डावरी होती, पण ते मी सोडवलं होतं. मारून नाही हो, कधीच नाही. ती लिहायला बसली की तिचा डावा हात मी माझ्या मांडीवर धरून ठेवायचे, कुरवाळत. प्रसादाला डावा पुढे आला की मी थांबायचे, उजवा येईपर्यंत. वर्षभरात सुटलं. आजही ती उजव्याने लिहिते, उजव्याने जेवते. रेंजवरचे तिचे फोटो मी पाहिले होते. त्यात रायफल डाव्या खांद्याला दिसायची. मला वाटायचं, सेल्फी उलटी येते.

* * *

ॲक्शन आली ती चाचणीच्या आधी तीन आठवडे. त्या शनिवारी मी देवळात न जाता पहिल्यांदाच रेंजवर गेले, साजूक तुपातला शिरा घेऊन. बसवताना आई हजर हवी, असं मला वाटलं.

अंकलनी खोका उघडला. ॲक्शन चासीशेजारी ठेवली. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा बघत राहिले. मला वाटलं, फार सुंदर आहे म्हणून.

चासीला मुठीसाठी खाच होती ती डावीकडे. ॲक्शनच्या बोल्टची मूठ उजवीकडे. मूठ खाली बसल्याशिवाय बोल्ट बंद होत नाही आणि बोल्ट बंद झाल्याशिवाय रायफल चालत नाही. कानशीने खाच पाडून भागेल का, असं ह्यांनी विचारलं. अंकलनी मान हलवली. बरं, पाडली असती तरी जुन्या रायफलीचंच दुखणं परत: दर गोळीनंतर डावा हात काढून वरून पलीकडे न्यायचा आणि सगळी मांडणी पहिल्यापासून लावायची. तेच टाळण्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता.

ह्यांनी अंकलना विचारलं, फॉर्म पाठवताना तुम्हाला दिसलं नाही? अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, "मदर राइट द फॉर्म. मदर मस्ट नो."

गार्गीने उजव्या हाताने शिरा खाल्ला, अंकलना दिला, डबा धुऊन आणला.

* * *

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी ह्यांना विचारलं, ती डाव्याने खेळते हे सहा वर्षं तुम्ही दोघांनी मला सांगितलं का नाही?

"तुला वाईट वाटलं असतं," हे म्हणाले.

चाचणीत गार्गी जुन्याच रायफलीवर खेळली. निवड दोन जागांनी हुकली. डाव्या हाताची ॲक्शन परत मागवली, परवान्यासकट यायला दहा महिने लागले. तोवर तिचं ज्युनियर वय सरलं होतं. कोह अंकलनी ती मात्र अशी बसवली की सुई जागची हलली नाही. आधीची उजवी शस्त्रागारात आहे. अजून कुणाला बसलेली नाही.

चैत्राच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला विचारलं, "लेकीसाठी एवढे सोळा सोमवार केलेत, कुठे काही चुकलं का हो?" मी त्यांना पन्हं दिलं. देवधर वहिनी मागून म्हणाल्या, "सोमवार सोळाच्या सोळा बरोबर झाले. गुरुवार एकच चुकला."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

* * *

श्रावणात घरी सत्यनारायण केला. मागणं काही नव्हतं. बऱ्याच दिवसांत घरात पूजा झाली नव्हती, म्हणून. देवधर मंडळी आली, कोह अंकलसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि अख्खी कथा मांडी घालून ऐकली. आरती झाली. मी तीर्थाचं भांडं घेऊन एकेकाला देत गेले. अंकलनी कुठला हात करायचा ते देवधर भाऊजींकडे बघून शिकून घेतलं.

शेवटी गार्गी आली. नेहमीप्रमाणे उजवा हात पुढे, त्याच्याखाली डावा.

मी पळी भरली आणि थांबले. म्हटलं, "बाळा, डावा वर घे. चालतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी वहीतून मान वर करून पाहायची, तसं.

"कधीपासून, आई?"

पळीतून पाटावर थेंब पडत होते. हात तिने बदलला नाही.