बोट लागणाऱ्या माणसाबरोबर बेटाचा शोध

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या मुलीने हनिमूनला माथेरान-महाबळेश्वर सोडून दुसरं काही मागितलं, की घरचे आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत. मला बेट हवं होतं. चारी बाजूंना पाणी, माड, आणि मुख्य म्हणजे ओळखीचं एकही माणूस नाही. आमच्या चाळीत दाराला कडी घातली तरी शेजारणी विचारत, "बरं नाही का गं?"

लग्न ठरलं होतं दिलीपशी. बँकेत नोकरी, स्वभाव गरीब. मी बेटाचं नाव काढताच तो म्हणाला, "हो, जाऊ या ना!" मी हुरळून गेले. हा माणूस सगळ्यांनाच हो म्हणतो, हे मला केळवणांमध्ये कळलं.

लग्नाआधी नातेवाईक जोडप्याला जेवायला बोलावतात. पोटभर खाऊ घालतात आणि वर सल्ला वाढतात, तो टाकून उठता येत नाही. पहिलं केळवण बोरिवलीला, दिलीपच्या आत्याकडे. (अशा जेवणाला जाणार असाल तर सकाळी नाश्ता करू नका. बासुंदीला नाही म्हणण्याची सोय नसते.) आत्याच्या शेजारणीची भाची लक्षद्वीपला जाऊन आली होती. तेवढ्या भांडवलावर आत्याने आम्हाला परवाना कसा काढायचा, कोचीनहून जहाज कसं धरायचं, सगळं सांगितलं.

"मग लक्षद्वीपच ना रे?"

"हो आत्या, तिथेच."

पुढच्या रविवारी मुलुंड. दिलीपचे काका जन्मात समुद्रावर गेले नव्हते, पण भिंतीवर अंदमानचा नकाशा होता. मद्रासहून तीन दिवसांचं जहाज, आणि पोहोचल्यावर आधी सेल्युलर जेल. "हनिमून काय, नंतरही होतो," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी कोठडी बघायची. शब्द दे."

"दिला, काका."

बाहेर पडल्यावर मी भर रस्त्यात थांबले. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, पण तेव्हा भान कुणाला होतं! "अरे, तू दोघांनाही हो म्हणालास!"

"त्यांना बरं वाटतं गं."

मला मात्र धडकी भरली. उद्या कुणी घर मागितलं, दागिने मागितले, तर हा काय करणार? पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मी रात्र-रात्र विचार करत होते की हे लग्न मोडावं का.

तिसरं केळवण माझ्या मालाडच्या मावशीकडे. मी म्हटलं, आधी मार्वेला जाऊ. तिथून बोटीने मनोरीला, समोर तर दिसतं. निदान समुद्राची तोंडओळख होईल, आणि मला काय बोलायचं ते बोलता येईल. स्टेशनबाहेरून बस मिळते, आणि बोटीचा प्रवास इतका छोटा की पदर सावरेपर्यंत पलीकडे.

त्या तेवढ्या पाण्यात दिलीप पांढराफटक पडला. आधी हसायचा प्रयत्न केला, मग रुमाल तोंडाला लावला. समोर पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने कमरेचं लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरलं आणि मला म्हणाली, "बोट लागते ग याला. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. मनोरीच्या धक्क्यावर त्याने बोरिवली आणि मुलुंडचं सगळं आदरातिथ्य समुद्राला परत केलं. मी पाठ चोळत उभी.

"कधीपासून लागते?"

"लहानपणापासून."

"आणि अंदमानला तीन दिवस जहाज! बोलला का नाहीस रे?"

"तुला बेट हवं होतं ना. किती खूश होतीस तू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्या वेळी तर आम्ही बोटीत नव्हतो. म्हणजे आत्या, काका आणि मी, तिघंही एकाच रांगेत! मला मिळालेला होकार खास माझा आहे असं मी समजत होते. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. खरं सांग. अंदमानला येणार?"

त्याने बराच वेळ लिंबू हुंगलं. मग म्हणाला, "नाही."

इतका सुंदर शब्द मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लग्न मोडायचा विचार तिथेच बुडाला.

परत बोटीत बसायला मात्र तो तयार होईना. मग उत्तनवरून भाईंदर, तिथून मालाड, असा हाडं खिळखिळी करणारा वळसा घालून आम्ही उन्हं उतरताना पोहोचलो. मावशी दारातच.

"खंय होतात रे मेल्यांनो? वडे थंड झाले!"

सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "मगे रामेश्वराक जावा. बेटच ता. रेल्वे थेट बेटार जाता." ती यात्रा कंपनीबरोबर जाऊन आली होती. मी आनंदाने उडालेच, तोच ती पुढे म्हणाली, "मी पण येतंय. माझो नवस ऱ्हवलो हा."

दिलीपने तोंड उघडलं. मी ताटाआडून त्याचा पाय दाबला आणि स्वतःच म्हणाले, "मावशी, नंतर आपण सगळे जाऊ."

तर आम्ही रामेश्वरला गेलो. मद्रासला गाडी बदलावी लागते, सोबत पाणी आणि पत्ते ठेवा. पांबनचा पूल समुद्रावरून जातो. पूल संपेपर्यंत दिलीपने डोळे मिटून माझा हात धरला होता. पलीकडे खरंच माड, वाळू आणि निळं पाणी. मी स्टेशनवर उतरून खोल श्वास घेतला, आणि समोरून एक उपाध्याय शुद्ध मराठीत म्हणाले, "मुंबई का? नाव काय, गाव कोणतं?"

तिथले पुजारी पिढ्यान् पिढ्या मराठी, हे मावशीने सांगितलं नव्हतं. तिचं नाव काढताच मात्र त्यांनी तिला ओळखलं. बाईंनी नवसाची आठवण ठेवलीय का, असं त्यांनी विचारलं. मग बावीस कुंडांची स्नानं करणार ना, म्हणाले. दिलीप "हो" म्हणाला. माझ्या नव्या साडीवर पहाटे पहाटे बावीस विहिरींचं पाणी बादलीबादलीने ओतलं गेलं. माझे दात वाजत होते, आणि प्रत्येक विहिरीपाशी हा शेजारच्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरत होता. दुपारी आम्ही धनुष्कोडीच्या वाळूत गेलो. वादळात उद्ध्वस्त झालेल्या गावात तेवढे दोन तास आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

घरी आल्यावर आत्या रुसली, काकांनी नकाशा गुंडाळून ठेवला, मावशीला तीर्थ पोहोचलं. काय उरलं म्हणाल तर शंखांची एक पिशवी, आणि न वाळलेली ती साडी.

आता अंदमानला विमान जातं. परवा मी पुन्हा विचारलं, "जायचं का रे?"

"नाही," पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला. "विमानातही लागतं मला."

मी चरफडत उठले, तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे लोक होते, यंदा सेक्रेटरी व्हाल का म्हणून विचारायला. स्वयंपाकघरात मला त्याचं "हो, हो, का नाही!" ऐकू आलं. एवढ्या वर्षांत त्याने साऱ्या जगाला होकार वाटले. नकार मात्र मला एकटीला दिला, आणि तो मी कुणालाही देणार नाही.