मानाचा नारळ

बायकांना इतका मान देणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि मान देऊन माझं इतकं नुकसानही दुसऱ्या कोणी केलेलं नाही. आमचे गिरणीवाले काका. कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांची भाताची गिरणी होती, पुढे भात वाळवायचं मोठं खळं आणि मागे कामगारांच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत मी आणि आमचे हे राहायचो. आम्ही खानदेशातले. मी सहावीतून शाळा सोडलेली, इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि काकांनी भाडं न घेता डोक्यावर छप्पर दिलं होतं. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते उपकारांची जाण ठेवूनच. त्यांच्या नातवंडांच्या वाचनात आलं तर राग मानू नये.

बाईमाणूस समोर आलं की काका खुर्चीतून उठत. मग ती मामलेदाराची बायको असो की कोंडा मागायला आलेली डोंगरावरची ठाकरीण. गिरणीत बायकांची ये-जा इतकी, की आमचे हे म्हणायचे, काकांना वेगळ्या व्यायामाची गरजच नाही. परकरातल्या पोरीलाही ते 'माउली' म्हणत. एखाद्या गड्याने बाईला 'ए' अशी हाक मारली तर इंजिन बंद करून त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावत. ते इंजिन पुन्हा सुरू करता करता तासभर जाई आणि ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय ती मात्र ओशाळून सुपाआड तोंड लपवून बसे. खळ्यावर आमच्या पायांना भाताची कुसळं टोचतात हे बघून एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चपला काही आल्या नाहीत, कारण लक्ष्मीने चपला घालून धान्यावर चालणं त्यांना पटत नव्हतं.

आमचे हे खळ्यावर भात खालीवर करायचं काम करत. उन्हात लाकडी दाताळं ओढत दिवसभर फिरायचं, संध्याकाळी भात गोळा करून पोती भरायची. एका वर्षी दसऱ्यानंतर ते पोत्यांच्या थप्पीवरून घसरले आणि पाय मोडून बसले. काकांनी स्वतः टेंपोत घालून त्यांना कर्जतच्या डॉक्टरकडे नेलं, बिल भरलं, रोज घरून दूध पाठवलं. हे मी कधीच विसरणार नाही. मग मला बोलावून, अर्थात उठून उभं राहून, म्हणाले, "माउली, काळजी करू नकोस. जागा तुमचीच आहे. तू ये त्यांच्या जागी." मी दुसऱ्या दिवशी तेच दाताळं हातात घेतलं. दांड्यावर ह्यांच्या बोटांच्या खुणा होत्या, त्यांवर माझी बोटं ठेवली आणि देवाचे आभार मानले.

मजुरी बाजाराच्या दिवशी मिळे. ह्यांच्या हातात जिथे रोजाचा रुपया पडायचा, तिथे माझ्या हातात रोजाचे दहा आणे पडले. मी गोंधळून उभी राहिले, तेवढ्यात काकांच्या पत्नी, आमच्या काकी, हळदकुंकवाचं तबक घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी माझी ओटी भरली. नारळ, खण, मूठभर तांदूळ. "गड्याला मी मजुरी देतो," काका हात जोडून म्हणाले, "बाईला मान देतो. बाईला पैशात मोजणारा मी कोण?" आमच्याकडे नारळ लग्नाकार्यालाच दिसायचा. मी इतकी भारावले की उरलेले सहा आणे विचारायचं सुचलंच नाही. नवरा गेलेल्या बायकांना ओटी चालत नाही, म्हणून त्यांना काका दहा आणे देऊन नुसते हात जोडत.

चार बाजार झाले आणि माझ्या लक्षात आलं की घरात खण साठतायत आणि तेल संपतंय. मग इतर बायकांसारखी मीही नारळ शेजारच्या वाण्याला अर्ध्या किमतीत देऊन मीठ-तेल आणू लागले. वाणी तो पुऱ्या किमतीला काकांना विकी. एक वाकड्या शेंडीचा नारळ होता, तो मला तीनदा भेटला. तिसऱ्यांदा तर मी त्याची विचारपूस करणार होते. खणांचंही तसंच. काकांनी एक अख्खा गठ्ठा स्वस्तात उचललेला, त्यामुळे आमच्या गिरणीतली बाई खालापूरच्या बाजारात लांबूनसुद्धा तिच्या हिरव्या चोळीवरून ओळखू यायची.

त्याच सुमाराला रेडिओवर बातमी आली की बाईला आणि गड्याला सारख्या कामाची सारखी मजुरी द्यायचं सरकारने कबूल केलं. काकांनी ती मान डोलावत ऐकली. म्हणाले, "आपल्याला ह्याची गरजच नाही. आपल्याकडे बायकांना एक नारळ जास्तच मिळतो."

सुगीला कामावर सोनाबाई आली. बौद्धवाडीतली, उंच, सावकाश बोलणारी. मीच तिला हिशोब समजावला तेव्हा ती काकांकडे जाऊन म्हणाली, "काका, गड्याला जास्ती का म्हून?"

काकांनी उठून उत्तर दिलं. "माउली, गड्याला विडी लागते, चहा लागतो, तालुक्याला गेला की तमाशा लागतो. तुम्हाला हे खर्च आहेत का?"

"नायत. पन विडी उद्यापासनं मी बी वडते. मंग भागंल?"

काका दिवसभर अस्वस्थ होते. बाजाराच्या दिवशी काकी तबक घेऊन तिच्यापुढे गेल्या तर तिने तळहात आडवा धरला. "आमी वटी घेत नाय, काकी. ते सगलं सोडलंय आमी."

"उत्तम," काका म्हणाले. "माणसाला तत्त्व पाहिजे." आणि पुढच्या बाईला खूण केली. सोनाबाई हलली नाही.

"मंग तेच्या जागी?"

"कशाच्या?"

"मानाच्या."

हा पेच काकांना नवा होता. तिला मान न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि पैसे देणं हिशोबात नव्हतं. आठवडाभर विचार करून त्यांनी तिलाच विचारलं, "तुमच्यात मान कसा देतात?" ती म्हणाली, "शेजारी बसवून च्या पाजतात." पुढच्या बाजारी काकांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली, घरातल्या चांगल्या कपबश्या आल्या, आणि काका खरंच तिच्याबरोबर चहा प्याले. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. सोनाबाईने चहा संपवला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाली, "च्या ग्वाड हाय. आता पैसं?"

काकांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकी तबक घेऊन माझ्यासमोर आल्या. आमचे हे त्या दिवशी पहिल्यांदाच काठी टेकत बाहेर आले होते आणि भिंतीशी उभे होते. डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन महिने कामाचं नाव नको. घरात पीठ नव्हतं. खोली जाईल असं वाटत होतं, पण तोंडातून शब्द निघून गेले. "काकी, दाताळं तर तेच आहे. माझ्याऐवजी ओटी ह्यांची भरा, आणि ह्यांची मजुरी मला द्या."

काकी कधी फारशा बोलत नसत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीशी गेल्या आणि ह्यांच्या उपरण्यात नारळ आणि हिरवा खण घातला. खळं हसून लोळायला लागलं. पण काकी थांबल्या नाहीत. हसणाऱ्या इंजिनवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तू रं? पुढं ये. मान कमी पडायला नको."

"काकी, मला कशाला? मला आपलं पैसं द्या."

"मानाला नको म्हणतोस?" काका खरोखर दुखावून म्हणाले.

"बघा काका," सोनाबाई म्हणाली, "गडी बी नको म्हनत्यात."

काका न्यायी माणूस. जे नियमाने व्हायचं ते सगळ्यांना सारखंच व्हायला हवं, असं म्हणून त्यांनी जाहीर केलं की पुढच्या बाजारापासून भेदभाव बंद, गड्यांनाही दहा आणे आणि नारळ. त्या क्षणी गिरणीतल्या तमाम गडीमाणसांना समान मजुरीचं तत्त्व पटलं. इतकी वर्षं ज्यांना आमचे सहा आणे कधी दिसले नव्हते, ते 'बाईला रुपया मिळालाच पाहिजे' म्हणून काकांच्या खुर्चीभोवती जमले. काका हरले. "बरं तर," ते म्हणाले, "आजपासून तुम्ही नुसत्या मजूर." आणि घरात कोणी गेल्यासारख्या चेहऱ्याने त्यांनी माझ्या हातावर रोजाच्या रुपयाने मजुरी ठेवली. सगळ्यांचं झाल्यावर रांगेत शेवटी काकी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात पुढे केला. काकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी त्यावर एक नारळ ठेवला. काकींनी तो त्याच संध्याकाळी वाण्याला विकला.

मान बंद झाला, तरी काकांची उठायची सवय सुटली नाही. रुपया देतानाही उठून द्यायचे. आमच्या ह्यांचा पाय बरा झाला, पुढे त्यांना भिवपुरीला काम लागलं आणि आम्ही खोली सोडली. गिरणीही बंद पडली. काकी गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. काका त्याच खुर्चीत होते. "उठू नका, काका," मी दारातूनच म्हणाले. पण दोन्ही हातांनी खुर्ची धरून ते उठलेच, आणि मी बसेपर्यंत उभे राहिले.

निघताना ते आत गेले आणि एक नारळ घेऊन आले. इकडेतिकडे पाहिलं. ओटी भरायला घरात बाईमाणूस नव्हतं. तेव्हा त्यांनी तो तसाच माझ्या हातात दिला. "ही मजुरी नाही," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "आणि हा वाण्याला देऊ नकोस, माउली."

वाण्याचं दुकान अजून तिथेच होतं. मी त्याच्यासमोरून जाताना नारळ पदराखाली घेतला.