ठेच्याचा घास

सोलापूरहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी गंध लावलेले एक आजोबा बसले होते. मी डबा उघडला आणि ठेचा लावलेली भाकरी त्यांच्यापुढं धरली. माझ्या बुरख्याकडं बघत त्यांनी हात जोडले, "नको."

"आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?" मी फटकन बोलले.

त्यांनी मुकाट्यानं तुकडा मोडला आणि खाल्ला. मग जळकोट येईस्तोवर पोट दाबून, डोळे मिटून बसले. उतरायला उठले तेव्हा मी घाबरून विचारलं, "काय होतंय, आजोबा?"

"पोटाची जुनी सूज हाय, पोरी. आतलं अस्तर झिजलंय. डॉक्टरनं तिखट बंद केलंय." मग हसले, "तुझ्या हातचं न चालायला काय झालं?"

नकाब रोजचाच, पण त्या दिवशी मी तो लाजेनं ओढून घेतला.