पेज आधी कोणाला?

मध्ये एक सबंध अंगण असताना एका खोलीतले दुखणे दुसऱ्या खोलीत गेले कसे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला हवे होते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून तीन सकाळी शहराबाहेरच्या कातळावर, प्राण्यांच्या निवारा केंद्रात जाऊ लागले. माझ्याकडे नोंदवही होती: कोणते जनावर कधी आले, काय खाल्ले, लस कधी टोचली. अंगणाच्या एका टोकाला आजारी कुत्र्यांची खोली, दुसऱ्या टोकाला पिल्लांची. मधोमध चूल, आणि चुलीमागे मोठ्या कुत्र्यांचे कुंपण. शिजवणे, वाढणे, झाडणे हे सारे एका मावशींकडे होते. त्या रोज पहिल्या एसटीने येत आणि कुत्र्यांशी अखंड बोलत काम करीत.

पिल्लांच्या खोलीत मांडवीच्या किनाऱ्यावर, एका होडीच्या आडोशाला सापडलेली सहा पिल्ले होती. तीन आठवडे ती धडधाकट होती आणि खोलीबाहेर एकदाही आली नव्हती. मग एकाने खाणे सोडले. उलट्या, रक्ताची हगवण, आणि दोन दिवसांत ते गेले. पाठोपाठ दुसरे गेले.

केंद्राच्या डॉक्टर म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. तिने तपासून सांगितले, "पार्व्होचा विषाणू. पलीकडच्या खोलीत आहे तोच."

"मी दिवसातून दोनदा फिनेल मारत्ये," मावशी म्हणाल्या. "वास बघा की, डोळ्यांतून पानी येतंय."

"वास तुम्हाला येतो, मावशी. त्या विषाणूला त्याचं काही नाही. आधी घाण घासून धुवायची, मग ब्लीचिंगचं पाणी टाकायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं."

मावशींनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष उरलेल्या चार पिल्लांकडे होते. डॉक्टर गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, माझ्या हाताला यश नाय. माझ्या हातचं खातात नि मरतात. आनखी एक पिल्लू गेलं ना, तर मी ह्या दारात पाय ठेवायची नाय." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलेले होते.

ब्लीचिंग सुरू झाले, तरी माझा प्रश्न तसाच होता. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. मग त्याच्या जागी दिसेल असे काही ठेवून पाहावे, असे मनात आले. सातवीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षे दाखवलेला साधा प्रयोग आठवला: हळदीचा डाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लाल होतो. हळद कुत्र्यांना अपायकारक नाही. आमच्याकडे जांभ्याची लाल धूळ सगळ्या वस्तूंवर बसते, म्हणून आधी फाटकाची धूळ ओल्या कापसाने टिपली आणि तिच्यावर सोड्याचे पाणी सोडले. ती होती तशीच तपकिरी राहिली. म्हणजे धूळ आणि हळद यांत गफलत होणार नव्हती.

मावशी यायच्या आधी मी आजारी कुत्र्यांच्या खोलीत, दारापाशी आणि रिकाम्या भांड्यांच्या काठांवर हळद भुरभुरली आणि हात घासून धुतले. त्यांना सांगितले नाही. कळले असते तर त्या जपून वावरल्या असत्या, आणि मला नेहमीची सकाळ पाहायची होती. लपवल्याची लाज मात्र मला वाटत होती.

मावशींनी नेहमीप्रमाणे मऊ भाताची पेज शिजवली, निववली, आणि प्रथम आजारी खोलीत नेली. प्रत्येकाचे तोंड पुसले, भांडी उचलली. मग अंगण ओलांडून त्या पिल्लांकडे गेल्या.

सगळे आटोपल्यावर मी कापसाचे ओले बोळे घेऊन फिरले. पिल्लांच्या खोलीच्या कडीवरचा बोळा पिवळसर झाला. त्यावर सोड्याचा थेंब टाकताच तो लालभडक झाला. पेजेच्या पळीवरचा लाल. केरसुणीचा लाल. मावशींच्या लुगड्याच्या काठाचा लाल. शेवटी सर्वांत लहान पिल्लाच्या कानामागे, जिथे मावशी रोज खाजवत, तिथला बोळाही लाल झाला.

मी खाली बसले. चाळीसएक वर्षे मुलांना हा रंगबदल दाखवला, पण असा कधी पाहिला नव्हता. एका बाईची एका सकाळची सारी माया, तिने कुठे हात ठेवला, कोणाला कुरवाळले, कुठे क्षणभर टेकली, हे सगळे त्या अंगणात लिहिलेले होते आणि आम्ही त्यावरून रोज चालत होतो. मग सहज माझ्या नोंदवहीचे पुठ्ठे पुसून पाहिले. तो बोळाही लाल झाला. मी दोन्ही खोल्यांत तीच वही काखोटीला मारून फिरत असे.

मावशींना मी सगळे बोळे ओळीने मांडून दाखवले आणि हळदीचेही सांगितले.

"काय वो बाई, माझ्यावर पाळत?" त्या आधी चिडल्या. मग वहीचा बोळा पाहून हसल्या. "तुमीपन सापडलात की!"

"सापडले. म्हणून सांगते, हाताचं यश वगैरे काही नाही. दुखणं आपल्याबरोबर चालत गेलं. आधी पिल्लं, मग मोठी, आणि आजारी सर्वांत शेवटी, असं जायला हवं."

"दुखनेकऱ्याला शेवटी?" त्यांचा आवाज चढला. "आमच्याकडं दुखनेकऱ्याची पेज पयली. बाकीचं घर मागनं जेवतं."

आमच्या घरीही तसेच होते. म्हणूनच इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर घडूनही मला खटकले नव्हते. घरातल्या तापकऱ्याला ती रीत योग्यच; इथे ती पिल्लांच्या जिवावर उठली होती.

त्यांनी चुलीजवळचे रिकामे पातेले उचलून त्यावर झाकण ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, "पेज त्यांच्या नावानं पयली काढून झाकून ठेवत्ये. वाढीन शेवटी. चालंल?"

"चालेल," मी म्हणाले. एवढे चपखल उत्तर मला सुचले नसते.

दुसऱ्या दिवसापासून क्रम उलटला. आजारी खोलीला स्वतंत्र चपला, भांडी आणि केरसुणी मिळाली. मावशींनी तिथल्यासाठी जुना सदरा खुंटीला लावला. बाहेर पडताना तो आतच राही आणि हात साबणाने धुतले जात. माझ्या वहीच्या दोन वह्या झाल्या. दोन आठवडे नवे दुखणे आले नाही तर धोका टळला, असे डॉक्टरने सांगितले होते. त्या दिवसांत मावशी पिल्लांच्या दारात उभ्या राहून आधी भांडी पाहत: रिकामी आहेत ना?

पाचव्या दिवशी एक भांडे अर्धे राहिले. मावशींनी आपली पिशवी उचलून दाराशी ठेवली. दुपारी ते पिल्लू उठले, उरलेले चाटून साफ केले आणि पिशवीचा बंद चावू लागले. "सोड मेल्या," त्या म्हणाल्या, आणि पिशवी पुन्हा खुंटीवर गेली.

दोन आठवडे झाले. चारही पिल्ले राहिली. आजारी खोलीतले एक कुत्रे गेले, दोन बरी झाली. मावशी अजून त्याच एसटीने येतात.

माझ्या शिस्तीप्रमाणे एक गोष्ट सांगणे भाग आहे. हळद म्हणजे विषाणू नव्हे, आणि त्याच दिवसांत ब्लीचिंगही सुरू झाले होते, पिल्लांना दुसरी लसही मिळाली होती. चारही पिल्ले नेमकी कशाने वाचली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हात आणि पाय कुठवर पोचतात, एवढेच मी पाहिले. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या गोठ्यात, खुराड्यात किंवा जिथे जनावरे राखता तिथे चिमूटभर हळद, कापूस आणि सोड्याचे पाणी घेऊन एकदा स्वतः तपासून पाहा.