भियासाठी सजवलेला डोंगा

माझं आर्णीत सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलची सीट, ट्रॅक्टरचं हूड, टेम्पोची ताडपत्री, कधीमधी दवाखान्यातल्या बाकड्याचं फाटलेलं रेक्झिन. माणसाच्या बुडाखाली येणारी कुठलीही वस्तू आणा, मी तिच्यात फोम भरून देतो. बसणाऱ्याचं पुढं काय झालं, ते विचारायला मी कधी कुणाच्या घरी गेलो नाही.

डोंगा माझ्याकडं आला तो भंगारातून. एका धरणावरचं बोटिंग बंद पडलं, सामान भंगारवाल्याकडं आलं, आणि त्यात ही लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती फायबरची होडी होती. मोबाईलवरच्या व्हिडिओंत तिला कनू म्हणतात. आमच्या गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'म्हशीची गव्हाण' ठेवलं. मी ती दुकानाच्या छपरावर पालथी टाकणार होतो, रस्त्यावरून कुणाच्याही नजरेत भरेल अशी. पण माझा मोठा भाऊ डायलिसिसवरून परतताना दुकानात टेकला आणि त्याच्याच नजरेत ती भरली.

मोठ्या भावाला आम्ही भिया म्हणतो. आम्ही बंजारा, घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि लिहायला बसलो की माझी ही इस्त्री केलेली मराठी. भिया तांड्यातच राहायचा, तूर-कापूस करायचा. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तो आठवड्यातून दोनदा मशीनवर जाऊ लागला. त्यासाठी डाव्या हाताच्या शिरा ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत घरघर लागायची, लांबून ऐकू येणाऱ्या जात्यासारखी. वहिनी रोज सकाळी चहाच्या आधी तिथं बोट ठेवून बघायची. घरघर आहे म्हणजे हात चालू, हात चालू म्हणजे मशीन लागते, मशीन लागते म्हणजे भिया आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला काही बांधायचं नाही. घड्याळ नाही, कडं नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही.

"हे पैनगंगेत चालते का?" भियानं विचारलं.

"चालते? पळते."

"मंग चाल ना. दोन डायलिसिसच्या मंधात एक रात नदीवर झोपू."

"भिया, डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकंच ठिकाणावर आहे बे, बाकी सारं गेलं. त्या खोलीचं छत पाठ झालं मले. कोणत्या पंख्याचं कोणतं पातं वाकडं आहे ते सांगू का?"

प्यायलेलं पाणी अंगातच साचायचं, म्हणून दिवसाचं पिण्याचं पाणी वहिनी त्याला बाटलीत मोजून द्यायची. असा माणूस माझ्याकडं नदी मागत होता. नाही म्हणायला हवं होतं. मी टेप काढला आणि डोंग्याची रुंदी मोजायला घेतली.

दिवाळी झाली होती. सगळा मुलूख कापूस वेचण्यात गुंतलेला, आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून डोंगा सजवत होतो. फायबरच्या चिरा गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडून कापड आणि रेझीन लावून बुजवल्या. ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून, ताडपत्रीच्या खोळीत कोंबून दोन्ही टोकांना बसवल्या. डोंगा उलटला तरी बुडणार नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होतो. सुताराकडून सागाची वल्ही करून घेतली, एक जादा. पाणी उपसायला तेलाचा कॅन तिरपा कापला. अंथरूण, शिधा, काडेपेटी, औषधं, चाकू, सगळं फिरकीच्या झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये. माझ्या गुडघ्यांखाली जाड फोम, कारण व्हिडिओतली माणसं गुडघ्यांवर बसून वल्हवतात.

भियाच्या गुडघ्यांना सूज. त्याला गुडघ्यांवर बसवणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बसवायचंही नव्हतं. मला बैठक करायची होती. पाठ टेकायला उंच, बाजूला हात ठेवायला जागा, मरून रंगाचं रेक्झिन, कडेला पांढरी पायपिंग. तळात साचणारं पाणी त्याला लागू नये आणि नदी नीट दिसावी, म्हणून मी ती चांगली वीतभर उचलून बसवली. शेजारचा पंक्चरवाला येऊन म्हणाला, "अबे, होडी करून राह्यला का लक्झरी बस?" मला ती शाबासकी वाटली.

आणि मग बांधणं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत. त्याला लदेणी म्हणतात. माझ्या बापानं उभ्या जन्मात लदेणी केली नाही, मी तर बैलाच्या मागून चालायलाही भितो. पण त्या काळातली एक गाठ घरात उरली होती आणि बापानं ती मला शिकवली होती. ताण पडेल तसतशी आवळत जाणारी. बैलाच्या पाठीवर ओझं हललं तर त्याची पाठ सोलून निघते, म्हणून ओझं तसूभरही हलता कामा नये, एवढंच ते शास्त्र. व्हिडिओतही माणसं सगळं सामान होडीला बांधत होती. म्हणजे पूर्वज आणि मोबाईल दोघांचं एकमत झालं. मी ड्रम बांधला, कॅन बांधला, जादा वल्हं बांधलं. आणि भिया अशक्त, तोल सांभाळता न येणारा, म्हणून बैठकीला छातीभोवती पट्टा केला आणि भियालाही बांधायचं ठरवलं. मोटारसायकलवर आजाऱ्याला दुपट्ट्यानं बांधून नेतात तसं.

पट्टा सुती निवारीचा. दुकानात बकलांचा डबा भरलेला होता, नायलॉनचं रीळ होतं. पण नायलॉन त्या गाठीत सरकतं आणि सुती निवार धरून ठेवते. गिऱ्हाइकाला मी बकलाची गॅरंटी देतो. भावाच्या वेळी मला बकलाचा भरवसा वाटला नाही.

डाव्या हातासाठी मी एक बाही शिवली. आत मऊ फोम, वर रेक्झिन, होडीच्या काठावर हात आदळू नये म्हणून. ती घसरू नये म्हणून दोन ठिकाणी निवारीचे बंद. हाताला काही बांधायचं नाही, हे मला माहीत होतं. पण हे बांधणं नव्हतंच, हे पॅडिंग होतं, असं मी स्वतःला समजावलं, आणि माझ्यासारखं पटकन पटणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

ढाणकीच्या बाजूला, जिथं रस्ता नदीला टेकतो तिथं, टेम्पोनं आम्हाला सकाळी उतरवलं. वहिनी सोबत आली होती. बाहीच्या बंदाखाली बोटं घालून तिनं बघितलं. बोटं आरामात गेली. मग मी भियाला बैठकीला बांधायला लागलो, तशी ती म्हणाली, "भाऊजी, पोतं समजून राह्यले का याईले?"

"पोतं असतं तर नुसतं टाकलं असतं वहिनी. हे व्हीआयपी सामान आहे."

"बांधू दे वं," भिया म्हणाला. "तुह्या बापानं असंच बांधलतं मले मांडवात. तवा काई बोलली नाही."

वहिनी हसली नाही. "गाठ सुटते न भाऊजी?"

"एका झटक्यात."

दुकानात सुटली होती. कोरडी असताना, पंख्याखाली.

मग आम्ही निघालो, आणि हेही लिहिलं पाहिजे की सुरुवात चांगली झाली. पाणी संथ होतं. एका काठाला साग, दुसऱ्या काठाला खडक, मधेच कुणी लावून ठेवलेली माशांची जाळी. भिया पुढं तोंड करून बसला होता, मी मागं, त्यामुळं मला त्याची फक्त टोपी आणि माझी पायपिंग दिसत होती. त्यानं उजवा हात पाण्यात सोडला होता. मग म्हणाला, "चूळ भरू का बे?"

"भर. गिळू नको."

त्यानं त्याच हातानं चूळभर पाणी तोंडात घेतलं. मी मागून त्याच्या गळ्याकडं बघत राहिलो, गिळतो की काय म्हणून. त्यानं पाणी खूप वेळ तोंडात ठेवलं आणि थुंकलं. "पोलिसासारखा पाहून राह्यला न?" मागं न वळता तो म्हणाला.

पुढं नदीला खडकाळ उतार लागला. फार नाही, पाणी जरा खळखळत होतं एवढंच. उताराच्या मधोमध एका दगडावर कासव बसलं होतं. भियाला ते दिसलं. "अबे ते पाह्य, ते पाह्य," म्हणत तो वळला आणि तिकडं झुकला.

माणूस सुटा असता तर तो एकटा पाण्यात पडला असता, आणि मी त्याला वर काढून शिव्या खाल्ल्या असत्या. पण भिया आणि डोंगा मी एक करून ठेवले होते. तो झुकला तसा डोंगा झुकला. बैठक उंच, तिच्यावरचं वजन उंच. डोंगा फिरला आणि पालथा झाला. ओझं तसूभरही हललं नाही.

मी बाहेर फेकला गेलो. पाय खाली टेकले. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. माझ्यापुढं डोंगा पोट आकाशाकडं करून तरंगत होता, ट्यूबा आपलं काम चोख करत होत्या, आणि भिया त्याच्याखाली उलटा बसलेला होता. मी पाण्यात डोकं घातलं, गाठ शोधली. गाठ सुपारीसारखी झाली होती. खाटेची निवार सैल पडली की आमची याडी, म्हणजे आई, तिच्यावर पाणी शिंपडायची आणि ती ताणून बसायची. हे ती माझ्यासमोरच करायची, मी त्याच खाटेवर लहानाचा मोठा झालो, आणि ते मला पैनगंगेत डोकं बुडवल्यावर आठवलं. चाकू होता. चाकू ड्रममध्ये होता. ड्रम बांधलेला होता.

मी वर आलो, श्वास घेतला, परत खाली गेलो, परत नखांनी गाठ ओरबाडली. भियाचा एक हात माझ्या तोंडावर आपटत होता. मग काय करतोय ते न कळता मी डोंग्याच्या काठाला खांदा लावून रेटा दिला, आणि डोंगा पलटला. भिया वर आला. बैठकीत बसलेला, पाठ टेकलेली, टोपी गेलेली, तोंडातून नाकातून पाणी गळत असलेला.

खूप खोकला. मग डोळे उघडून म्हणाला, "हे होतं का बे तुह्या व्हिडिओत?"

मी हसायला लागलो. मला ते थांबवता येईना. हसत हसत डोंगा काठाला ओढला, हसत हसत ड्रमचं झाकण फिरवून चाकू काढला, छातीचा पट्टा कापला, त्याला दगडावर बसवलं, कोरडी चादर दिली. वाहत चाललेलं वल्हं पळत जाऊन आणलं. नवं होतं. परत आलो तेव्हा भिया म्हणाला, "हात बधिर झाल्यासारखा वाटून राह्यला."

"थंडी आहे," मी म्हणालो.

तेव्हा मी बाहीकडं बघितलं. बंद आवळून मांसात रुतले होते. फोम पाणी पिऊन फुगला होता. मी बंद कापले, बाही ओढून काढली, आणि ज्या जागी वहिनी रोज बोट ठेवायची तिथं बोट ठेवलं. काही लागलं नाही. माझं बोट गारठलं असेल म्हणून ते काखेत धरून गरम केलं आणि परत ठेवलं. मग कान लावला. पैनगंगेचा आवाज येत होता.

"चालू आहे न?" भियानं विचारलं.

"पाण्याच्या आवाजात कळत नाही," मी म्हणालो.

डोंगा तिथंच टाकून आम्ही वावरातून रस्ता गाठला. कापूस भरलेल्या पिकअपवाल्यानं पुढं जागा दिली. वाटेत भिया दर थोड्या वेळानं उजव्या हाताचं बोट डाव्या हातावर ठेवायचा आणि उचलायचा. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी औषध सोडलं, सुई घातली, शीर उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. दुसऱ्या हाताचं ऑपरेशन धरलं नाही. मग मानेत नळी बसवली, आणि त्या नळीला पाणी लागू द्यायचं नव्हतं, त्यामुळं भियाची साधी आंघोळही गेली. वहिनी ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायची, मानेपाशी आली की थांबायची. उन्हाळ्यात नळीतून ताप शिरला. तो दोनदा उतरला, तिसऱ्यांदा उतरला नाही.

भियाच्या तेरवीला आलेले लोक मला समजावत होते. म्हणत, अशा शिरा आपोआपही बंद पडतात, अमक्याची झोपेत बंद पडली, तमक्याची तर नुसतं उशीवर हात ठेवून. मी मान हलवत होतो. भिया आजारपणात मला एकदाही लागेल असं बोलला नाही, उलट येणाऱ्या प्रत्येकाला त्या उलटण्याची गोष्ट रंगवून सांगायचा. त्याच्या गोष्टीत पाणी माणूसभर खोल होतं आणि मी पट्टीचा पोहणारा होतो. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी चहा आणायला आत जायचो.

सगळे पाहुणे गेल्यावर एका दुपारी वहिनी तूर निवडत बसली होती. मी समोर बसलो होतो, उठून जायला काही कारण सापडत नव्हतं. सुपातून नजर न काढता तिनं विचारलं, "भाऊजी, पाण्याखाली होते तवा डोळे उघडे होते का त्याईचे?"

कधीतरी हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी आठवून बघितलं. पाणी स्वच्छ होतं, ऊन होतं, भियाचा चेहरा माझ्यापासून हातभरही लांब नव्हता.

"मी गाठ पाहत होतो वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.